तिसरी डबी

७ जून १९८४. माकडाचा दिवस.

निघायला सव्वाआठ वाजले. प्रवासाच्या कागदावर फानसाहेबांचा शिक्का मिळेपर्यंत डोकं फिरायची वेळ आली. पिसाळलेलं कुत्रं चावलंय, तीन जीव टांगणीला लागलेत, आणि आमचे आरोग्यकेंद्राचे प्रमुख शिक्का कुठल्या कपाटात ठेवला ते आठवत बसलेत! शेवटी मीच शोधला. त्यांच्याच कोटाच्या खिशात होता.

काल चारला निरोप आला. डोंगरातला निरोप आमच्यापर्यंत येतो तो तीन कम्यूनच्या टेलिफोनवाल्यांच्या तोंडून. पहिला ओरडतो, दुसरा अर्धं ऐकतो, तिसरा त्यात आपलं घालतो. माझ्या टेबलावर चिठ्ठी पडली तिच्यावर एवढंच — "घोडेबाजार. कुत्रं चावलं. तिघं. लस पाठवा." नावं नाहीत. चावा कुठं, पायाला की तोंडाला, तेही नाही. उलटा फोन लावायला गेलो तर लाईन मेलेली. रात्रभर पाऊस होता, खांब आडवे झाले, पहिल्याच खिंडीत दरड आली. बस बंद, जीप बंद. राहिली सायकल. ती निदान खांद्यावर घेऊन दरड ओलांडता येते.

केंद्रात लसीच्या तीनच डब्या. एका डबीत पाच कुप्या, म्हणजे एका माणसाचा पूर्ण कोर्स — आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, तिसाव्या. पुढचा माल प्रांताकडून जुलैअखेर. तिघं आणि तीन डब्या, नशीब म्हणायचं. थर्मासमध्ये आइसकांडीवाल्याकडून बर्फ भरून घेतला, त्यात डब्या मेणकापडात गुंडाळून ठेवल्या. थर्मास हँडलला बांधला नाही, पाठीवर घेतला. रस्त्याचे धक्के माझ्या पाठीनं खावेत, काचेनं नको.

घरून शूचिननं मक्याच्या भाकऱ्या आणि सहा अंडी बांधून दिली. दर वेळी तुम्हीच का, हे तिचं ठरलेलं. दुसरं कोण जाणार बाई? एकाला गुडघा, एकाला बायको बाळंत, फानसाहेबांना मीटिंग.

संध्याकाळ. पाणचक्कीपाशी थांबलोय, साठ ली झाले, म्हणजे तीस किलोमीटर. त्यातला एक तृतीयांश सायकल माझ्यावर बसून आली.

८ जून. कोंबड्याचा दिवस.

अंग मोडून आलंय, पण आधी लिहितो. नाहीतर रागानं झोप लागायची नाही.

दोन दरडी. दुसरीवर गुडघाभर चिखल. सायकल खांद्यावर, थर्मास पाठीवर, बूट गळ्यात. मागच्या चाकाला दोनदा पंक्चर. तरी चारच्या आत नदीकाठचा घोडेबाजार गाठला. घाम पुसत कम्यूनच्या कचेरीत शिरलो, म्हटलं, चावलेली तिघं कुठायत?

तिथला सेक्रेटरी थाङ म्हणून आहे, पोट सुटलेला. कोण चावलं, कुणाला चावलं, काही पत्ता नाही. त्यानं दोन माणसं पाठवून सगळं गाव विचारून आणलं. कुणालाच चावलेलं नाही. वर मला म्हणतो, "आमच्या गावात कुत्रं माणसाला चावत नाही, चू डॉक्टर. माणूस कुत्र्याला चावतो. बसा, रस्सा अजून गरम आहे." सगळी कचेरी हसली. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या एखाद्या दिवशी.

त्याचा फोनही मेलेला. निरोप इथून गेलाच नव्हता म्हणतो.

आता ही नावं! कुठल्या शहाण्यानं ठेवली? घोड्याच्या दिवशी बाजार भरला की गाव घोडेबाजार, बैलाच्या दिवशी भरला की बैलबाजार, कोंबड्याच्या दिवशी कोंबडेबाजार. बारा जनावरांचे बारा दिवस आणि शेकडो गावं. आमच्या एका तालुक्यात तीन घोडेबाजार आहेत. नदीकाठचा हा एक. दुसरा कोळशाच्या खाणीजवळ, पण तिथं गेल्या वर्षापासून बाजार भरत नाही. तिसरा पार वर, ढगात. तिथवर तीन दिवस.

घोड्याचा दिवस होऊन गेला गेल्या मंगळवारी, पाच तारखेला. चावा बाजारातच झाला असणार, तिथंच माणसं आणि कुत्री एकत्र येतात. आज तिसरा दिवस संपला. मी वर पोचणार सहाव्या दिवशी. हाताला चावलं असेल तर वेळ थोडा, तोंडाला असेल तर त्याहून थोडा. एकदा पाणी पाहून घसा आवळायला लागला की संपलं, मग लस ओता नाहीतर पाणी ओता. मी असे दोन पाहिलेत. एक खाणीतला मुकादम होता, एक शाळेतल्या बाई. त्या बाई शेवटपर्यंत माझी माफी मागत होत्या, कारण त्यांची माझ्यावर थुंकी उडत होती.

त्यांचं तोंड आठवलं की पायात आपोआप बळ येतं.

९ जून. कुत्र्याचा दिवस.

बर्फ संपला. आता गुहा. आमच्या डोंगरात वीस पावलांवर एक भोक, आणि आतलं पाणी हाडं गोठवणारं. जिथं गुहा दिसेल तिथं सायकल टाकायची, आत वाकायचं, थर्मासमधलं पाणी बदलायचं. दिवसात सात वेळा केलं. पाठीचा मणका आता सरळ होतो की नाही देव जाणे.

सकाळी एका फाट्यावर गर्दीच गर्दी. टोपल्यांत डुकराची पिल्लं, पाठीवर कोबी, बाया नव्या फडक्यांत. सगळे उजवीकडच्या चढानं वर चाललेले. आज कुत्रेबाजारचा दिवस. मी त्यांच्यातून घंटी वाजवत उलटा निघालो, तर एक जाडजूड बाई म्हणाली, "अहो सायकलवाले, बाजार वर आहे, तुम्ही बायकोच्या भीतीनं पळताय का?" सगळ्या खिदळल्या. मी म्हटलं, मला घोडेबाजारला जायचंय. तर म्हणाली, मग चार दिवस उशीर केलात. खरंच आहे.

वरचा घोडेबाजार अजून दीडशे ली. चढ संपतच नाही. चेन पाच वेळा उतरली. पुढचा ब्रेक कामातून गेला, उतारावर बुटाची टाच टायरला लावून थांबतोय. लोक बटाट्याशिवाय काही खात नाहीत इकडे, तरी वाटेत दोन घरांनी हाक मारून बटाटे दिले. एका घरात मीठ नव्हतं, त्याची त्या माणसाला फार लाज वाटत होती.

१० जून. डुकराचा दिवस.

मला कुत्रं चावलं.

लिहून झालं. आता सविस्तर.

खिंडीच्या अलीकडे चुनाभट्टी आहे, तिथं पेङ म्हणून एकटा म्हातारा राहतो. तपकिरी कुत्रं भट्टीमागून आवाज न करता आलं. भुंकलं असतं तर मी सावध झालो असतो. डाव्या पोटरीला धरलं, पँट फाटली, चार दातांचे वण, दोन खोल. पेङनं फावड्यानं हाणलं तेव्हा सुटलं. बिचारा म्हातारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला. साबण मागितला, त्याच्याकडे नव्हता, माझा काढला. झऱ्यावर बसून अर्धा तास जखम धुतली. रक्त वाहू दिलं. जे दुसऱ्यांना सांगतो ते सगळं केलं.

पेङ म्हणाला, कुत्रं तसं गरीब आहे, सायकल कधी पाहिली नाही म्हणून बिथरलं. असेल. सायकलीवर कुत्री धावतातच. मी त्याला बजावलं — दहा दिवस साखळीला बांधून ठेवायचं. मारायचं नाही. खायचं तर मुळीच नाही! दहा दिवस धड राहिलं तर मला काही नाही. लाजेपोटी तो संध्याकाळीच त्याची हंडी चढवेल ही मला भीती. इथली माणसं पाहुण्याला कुत्रं चावलं की कुत्रं मारून पाहुण्यालाच जेवू घालतात, आणि मग कुत्र्याला काय झालं होतं ते कुणालाच कळत नाही. पेङनं आपल्या आईची शपथ घेतली की हात लावणार नाही.

थर्मास पाठीवरच होता. हात एकदा तिकडे गेला, खोटं कशाला लिहू. पण तिघांच्या तीन डब्या. त्या दुसऱ्यांच्या आहेत. पुढं निघालो.

११ जून. उंदराचा दिवस.

कपाळ आपटून घ्यावंसं वाटतंय. दगडावर!

सकाळी दहाला वरचा घोडेबाजार. विचारल्या विचारल्या हो म्हणाले. गेल्या मंगळवारी भर बाजारात लाळ गाळणारं काळं कुत्रं शिरलं, मिठाच्या गाड्यापाशी माणसांवर तुटून पडलं, लोकांनी काठ्यांनी तिथंच मारून पुरलं. मी म्हटलं, चावलेली माणसं दाखवा. मीठवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ती इथली नव्हेत, लांबून मिठासाठी आलेली.

मग मी चिठ्ठी काढून वाचून दाखवली. घोडेबाजार, कुत्रं चावलं, तिघं.

तो म्हणाला, "कुत्रं चावलं ते खरंच. पण तिघं कुत्रेबाजारची हो, डॉक्टर. निरोपात कुत्रं एकदाच आलं वाटतं."

घोडेबाजारात चावलं, कुत्रेबाजारची तिघं! असा निरोप होता. तीन टेलिफोनवाल्यांपैकी कुणीतरी दोन कुत्र्यांचं एक केलं. गावाचं कुत्रं गळलं, चावणारं राहिलं. दुसऱ्या कुठल्या मुलखात असं होईल का? आणि मी, एकवीस वर्षं ह्या डोंगरात सुया टोचत फिरणारा, मला चिठ्ठी वाचून एकदा तरी शंका यायला नको? परवा सकाळी मी त्या फाट्यावर उभा होतो. ती बाई मला सांगत होती, बाजार वर आहे. तीस ली वर. त्या दिवशी संध्याकाळी मी तिघांना टोचून मोकळा झालो असतो.

आणि चुनाभट्टीवर गेलोच नसतो.

बारा वाजता परत फिरलो. चहासुद्धा घेतला नाही.

१२ जून. बैलाचा दिवस.

पेङ भट्टीच्या बाहेर रस्त्यावर उभा होता. मला लांबून पाहिल्यावर त्यानं टोपी काढली. तेव्हाच समजलो.

कुत्रं काल सकाळपासून खाईना. साखळीभोवती गोल गोल फिरायला लागलं. पाण्याचं भांडं पुढं सरकवलं तर अंग ताठ केलं. दुपारी मागचे पाय गेले, तोंडाला फेस. आज पहाटे मेलं. पेङनं खाल्लं नाही, पुरलं, शब्द पाळला. मला दोन कोंबड्या देत होता. मी नको म्हटलं, तर रडायला लागला.

मी त्याला विचारलं, तुला चाटलं का, तुझ्या हाताला कुठं जखम आहे का? हात उलटेपालटे करून पाहिले. भेगा आहेत पण जुन्या, आणि चाटलं नाही म्हणतो. म्हणतो तर म्हणतो. माझ्याकडे काय आहे त्याला द्यायला?

 पोटरीचे वण सुकलेत, दुखतसुद्धा नाहीत. शाळेतल्या बाईंचेही सुकले होते.

चव्वेचाळीस वय आहे माझं. थोरली आत्ता कुठं नोकरीला लागलीय. धाकटीला दहावी. शूचिनला रक्तदाब. मी हे सगळं का लिहितोय? कुणाला दाखवायला?

तीन माणसं, तीन डब्या. पॅडल मारताना तेवढंच म्हणत होतो. पॅडल मारताना माणूस काहीही म्हणतो.

१३ जून. मांजराचा दिवस. (डोंगरात वाघ म्हणायचं नाही.)

कुत्रेबाजार. सकाळी अकराला पोचलो. चावून आठवा दिवस.

गावडॉक्टर वेइ तरणा आहे, शिकलेला नाही फारसा पण हात स्वच्छ. त्यानं जखमा रोज धुतल्यात, तेवढंच त्याच्या हातात होतं. लोहार लो, पोटरीला चावा. थ्येन म्हातारी, कोपराखाली चावा. दोघंही धड आहेत. पाणी पाजून पाहिलं, मी स्वतः, समोर बसून. लोनं वाटी एका घोटात संपवली. माझ्या जिवात जीव आला. दोघांना पहिलं टोचलं, उरलेल्या कुप्या वेइच्या ताब्यात दिल्या, तारखा लिहून दिल्या, गुहेत कुठं ठेवायच्या ते दाखवलं.

तिसरी कुठाय? तर सगळे म्हातारीकडे बघायला लागले.

तिसरी म्हणजे आयिंग, थ्येन म्हातारीची सून. चोवीस वर्षांची. बाजारात कुत्रं म्हातारीच्या हाताला लोंबकळत होतं, तेव्हा हिनं दोन्ही हातांनी त्याचा जबडा उचकटला. तळहात फाटला, उजवा. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर तोच हात फडक्यात बांधून वीस ली चालत जाऊन फोन केला तोही हिनंच. म्हणजे तो निरोप हिचा! परत आली तर नवरा दारात. घरात तान्हं आहे, तू पिसाळलीस तर काय करायचं, बरं वाटेपर्यंत माहेरी जा, म्हणाला. गेली. माहेर दगडी खिंडीच्या पलीकडे. एक दिवसाची पायवाट, सायकल जात नाही.

नवऱ्याला चार शब्द सुनावले.  काय सुनावणार, घाबरलेला माणूस आहे.

म्हातारी आधी टोचूनच घेईना. माझं वय झालं, माझी डबी तिला द्या, असा हट्ट. मी म्हटलं, तिची वेगळी आहे. तर मला जवळ बोलावून म्हणाली, "तुम्ही स्वतः जाल? दुसऱ्याच्या हातात देऊन पाठवणार नाही?"

मी म्हटलं, उद्या पहाटे मी स्वतः जातो, आई.

मग तिनं बाही वर केली.

वेइ सोबत येतो म्हणाला. मी नको म्हटलं, तू इथं दोघांवर लक्ष ठेव. तो ऐकायला तयार नव्हता, मी आवाज चढवला. का नको म्हटलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. की होतं?

कुत्र्याचं मी इथं कुणाला सांगितलं नाही.

१४ जून. सशाचा दिवस.

गावाखाली वाट फुटते. डावी दगडी खिंडीला. उजवी खाली, मोठ्या रस्त्याला, घराला. साडेसातपासून इथं बसलोय. सायकल झाडाला टेकवलीय. थर्मास मांडीवर.

तिला चावून नऊ दिवस झाले. पोचेपर्यंत दहावा. तळहाताचा चावा, खोल, नसांनी भरलेली जागा. अशा चाव्यात दहाव्या दिवशी लस लागू पडेल का? कदाचित. कदाचित आत्ताच पाणी नको म्हणत असेल. कदाचित मी पोचेन आणि ती जाईल, आणि डबी तशीच हातात राहील, आणि मीही जाईन. मला चावून चारच दिवस झालेत. माझ्यावर लागू पडणार, जवळजवळ नक्की. एका डबीतून एक माणूस वाचवायचा तर ज्याचा वाचायचा संभव जास्त तो. मी हे वर्गात शिकवतो. हे बरोबर आहे. कुणीही तपासून पाहावं.

मग मी इथं अडीच तास काय करतोय? बरोबर असतं तर गावात सगळ्यांसमोर नसतं का सांगता आलं?

—

एक वाजला. टोचलं. डावा दंड. माझं मीच, एका हातानं, बाही दातात धरून. हात जराही कापला नाही. एकवीस वर्षांचा सराव. ह्याचीच लाज वाटते सगळ्यात जास्त.

रडलो. मग भाकरी खाल्ली, भूक लागली होती. मग उतारानं निघालो.

१६ जून.

घरी. शूचिननं पाय शेकले. पोटरी पाहून विचारलं, तारेनं फाटलं म्हणालो. झोपलो.

१७ जून. घोड्याचा दिवस.

दुसरी कुपी घेतली. केंद्राच्या फडताळात, मागच्या कोपऱ्यात, जुन्या शिरेंजच्या डब्याआड ठेवलीय डबी.

अहवाल दिला. लोहार लो — लस सुरू. थ्येन — लस सुरू. लुङ आयिंग, वय चोवीस — पत्त्यावर आढळली नाही. फानसाहेबांनी खांद्यावर थाप मारली. अकरा दिवस आधीच्या दरडीचा फोटो भिंतीवर लावायचाय म्हणे, आणि खाली माझं नाव. आणि उरलेली डबी? वाटेत फुटली, म्हणालो. त्यांनी तेही लिहून घेतलं. काही विचारलं नाही. मी कधी खोटं बोलत नाही ना, म्हणून.

जेवताना धाकटीनं पाण्याचा पेला पुढं केला. सगळ्यांच्या आधी उचलून प्यायलो, घटाघटा. ती हसली, बाबा किती तहानलेत.

१९ जून.

आयिंग आली. तीन दिवस चालत. सासूनं निरोप धाडला होता म्हणे, डॉक्टर तुझी डबी घेऊन निघालेत. डॉक्टर आले नाहीत म्हणून हीच आली. हाताला फडकं, पायात गवताच्या चपला. फानसाहेबांनी पुढं ठेवलेला पाण्याचा पेला प्यायली, सगळा. मग त्यांनी अहवाल काढून तिला वाचून दाखवला. पत्त्यावर आढळली नाही.

ती माझ्याकडे वळली. रागानं नाही. तिचंच काही चुकलं असावं अशा आवाजात म्हणाली, "मी घरीच होते, डॉक्टर. रोज दारातच बसून होते."

फानसाहेब माझ्याकडे बघत होते. मी फडताळ उघडलं, जुना डबा बाजूला सारला. डबीत तीन कुप्या. परवा, एकवीसला, माझी तिसरी घ्यायची होती.

बाही वर करा, म्हणालो.